ब्राउझरमधून स्क्रीन शेअरिंग : साध्या साधनांचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्राच्या वाढत्या वेगाचा व क्षमतेचा आलेख म्हणून केले जाते. एकाच्या संगणकाचा पडदा दूरच्या ठिकाणी बसलेल्या दुसऱ्याला दिसावा, या गरजेचा इतिहास मात्र तसा लिहिता येत नाही. येथे प्रश्न वेगाचा कमी आणि अधिकाराचा अधिक आहे. कोणी आपल्या यंत्रावर काय बसवायचे, कोणी केवळ पाहायचे आणि दुसऱ्याच्या पडद्यावर हात घालण्याची मुभा कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक साधनाने वेगवेगळी दिली आहेत. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा अध्यापकवर्गाला ही साधने घाईने स्वीकारावी लागली. त्या घाईत ‘सोपे कोणते’ हाच निकष पुढे येणे स्वाभाविक होते. हा सोपेपणा कशाच्या मोबदल्यात मिळाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९६८ : एक मजकूर, दोन बाण

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे प्रात्यक्षिक सादर केले. माऊसच्या जाहीर दर्शनामुळे ते आज ओळखले जाते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. संगणक होता मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, सभागृहापासून सुमारे ५० किलोमीटरवर. तेथे बसलेले सहकारी बिल पॅक्स्टन आणि सभागृहातील एंगेलबार्ट यांच्यासमोर एकच मजकूर होता. त्यावर दोघांचेही बाण फिरत होते आणि पडद्याच्या एका भागात पॅक्स्टन यांचा चेहराही दिसत होता.

हे साधले कसे, हे पाहण्याजोगे आहे. संगणकाची आकृती एका लहान नलिकापटलावर उमटे, तिच्यासमोर दूरचित्रवाणीचा कॅमेरा लावलेला असे आणि ते चित्र सूक्ष्मलहरींच्या दुव्यावरून सभागृहात येई. उलट दिशेने माऊस व कळफलकाच्या आज्ञा मोडेमवरून जात. म्हणजे पडदा ‘चित्रफीत’ म्हणून येत होता आणि हाताची हालचाल वेगळ्या वाटेने परत जात होती. पुढील ५० वर्षांच्या इतिहासात यांपैकी पहिली वाट रुंदावत गेली, दुसरी मात्र ब्राउझरपाशी येऊन बंद झाली.

व्हीएनसी : पाहणे व हाताळणे

ब्राउझरच्या संदर्भात खरा आरंभ १९९८ मध्ये झाला, असे म्हणावे लागते. केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेली ‘व्हर्च्युअल नेटवर्क कंप्युटिंग’ अर्थात व्हीएनसी ही प्रणाली त्या वर्षी मुक्त परवान्याखाली खुली करण्यात आली. तिचे तत्त्व अतिशय साधे आहे. पडदा म्हणजे रंगबिंदूंचे कोष्टक. त्यातील जो आयत बदलला तेवढाच पाठवायचा, तोही पाहणाऱ्याच्या यंत्राने मागणी केल्यावर. जोडणी मंद असेल तर मागणी सावकाश होते, मधली स्थित्यंतरे गळतात, पण जे दिसते ते स्पष्ट दिसते. पाहणाऱ्याचा माऊस व कळफलकही याच मार्गाने परत जात असल्याने दूरचा संगणक पूर्णपणे हाताळता येतो.

पाहणाऱ्याने काहीही बसवण्याची गरज नव्हती. व्हीएनसीचा सर्व्हर स्वतःच एक जावा ॲप्लेट ब्राउझरला पाठवी आणि पडदा तेथेच उघडे. ‘काही न बसवता ब्राउझरमध्ये’ हे आजचे जाहिरातवाक्य १९९८ मध्येच प्रत्यक्षात आले होते, निदान पाहणाऱ्यापुरते. दाखवणाऱ्याला मात्र सर्व्हर बसवावा लागे, आपला आयपी पत्ता कळवावा लागे आणि संस्थेच्या फायरवॉलमधून वाट मोकळी करून घ्यावी लागे. सुरक्षिततेची बाजूही लंगडी होती : मूळ पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे विचारात घेतली जात आणि पुढचा सारा व्यवहार उघडा, सांकेतिकीकरणाविना चाले.

व्यापारी सेवांनी नेमकी ही अडचण हेरली. मायक्रोसॉफ्टचे नेटमीटिंग १९९६ मध्येच आले होते. परंतु वेबएक्ससारख्या सेवांनी दोन्ही पक्षांच्या मध्ये आपला सर्व्हर उभा केला आणि फायरवॉलचा प्रश्न ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवला. सिस्कोने २००७ मध्ये वेबएक्स विकत घेतली ती सुमारे ३.२ अब्ज डॉलरांना. मध्यस्थाच्या जागेची किंमत या आकड्यावरून कळते.

जोडप्रणालींचा अस्त

या सर्व साधनांचा ब्राउझरमधील आधार जावा, फ्लॅश यांसारख्या जोडप्रणालींवर होता. त्या असुरक्षित ठरत गेल्या. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाच्या जोडप्रणालीला दार बंद केले; फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेला बिगब्लूबटन हा खास अध्यापनासाठीचा मुक्त प्रकल्प मुळात फ्लॅशवर उभा होता व त्यातील पडदा दाखवण्याची सोय जावावर. त्याला आपला पायाच बदलावा लागला.

वेबआरटीसी : पडदा पुन्हा चित्रफीत

पर्याय गूगलकडून आला. २०१० मध्ये विकत घेतलेल्या ग्लोबल आयपी सोल्यूशन्स या कंपनीचे ध्वनिचित्र-तंत्र गूगलने २०११ मध्ये वेबआरटीसी या नावाने खुले केले. जानेवारी २०२१ मध्ये त्याला डब्ल्यूथ्रीसीची अंतिम मान्यता मिळाली. यात पडदा हा कॅमेऱ्यासारखाच चित्रस्रोत मानला जातो. एका अर्थी हे एंगेलबार्ट यांच्या कॅमेऱ्याकडे परतणे होय. बदललेला आयत पाठवण्याऐवजी संपूर्ण पडद्याची संपीडित चित्रफीत पाठवली जाते. हलत्या चित्रांना हे मानवते. बारीक अक्षरांना नाही. जोडणी क्षीण झाली की समीकरणातील घातांक किंवा तळटीप प्रथम पुसट होते, याचे कारण येथे आहे.

पडदा टिपण्याची परवानगी ब्राउझरने सहजासहजी दिली नाही. एखाद्या संकेतस्थळाला पडदा दिसू लागला, तर त्याला वापरकर्त्याच्या इतर उघड्या पानांतील मजकूरही वाचता येईल, ही भीती रास्त होती. म्हणून आरंभी क्रोमने स्वतंत्र विस्तार बसवण्याची अट घातली, तर फायरफॉक्सने मान्य संकेतस्थळांची यादी ठेवली. २०१९ मध्ये क्रोम ७२, फायरफॉक्स ६६ व सफारी १३ यांनी ‘गेट डिस्प्ले मीडिया’ ही समान आज्ञा स्वीकारली आणि खऱ्या अर्थाने दाखवणाऱ्यालाही काही बसवण्याची गरज उरली नाही. कॅमेऱ्याची परवानगी ब्राउझर लक्षात ठेवू शकतो, पडद्याची नाही; कोणती खिडकी दाखवायची हे दर वेळी विचारलेच जाते. अनेकांना हा त्रास वाटतो. जुलै २०१९ मध्ये झूमच्या मॅकवरील ॲपने संगणकात एक स्थानिक वेब सर्व्हर ठेवल्याचे आणि ॲप काढल्यावरही तो मागे उरत असल्याचे उघड झाले होते. ते आठवल्यास हा त्रास माफक म्हणावा लागेल.

मात्र पानाला पडदा टिपता येतो, इतर प्रणालींत माऊस किंवा कळ चालवता येत नाही. विद्यार्थ्याच्या आज्ञावलीतील चूक अध्यापक पाहू शकतो, दुरुस्त करून देऊ शकत नाही. व्हीएनसीने दिलेला हात ब्राउझरने काढून घेतला. तो हवा असेल तर पुन्हा काहीतरी बसवणे आले.

तीन साधने

नॉर्वेतील टेलिनॉर कंपनीत २०१३ मध्ये सुरू झालेले आणि २०१९ पासून व्हेअरबाय या नावाने ओळखले जाणारे ‘अपिअर डॉट इन’ हे सोपेपणाचे टोक होते. दुवा पाठवला की काम झाले. पण आरंभीच्या रचनेत प्रत्येकजण आपले चित्र इतर प्रत्येकाला थेट पाठवी. आठ जणांच्या बैठकीत एका संगणकाला सात प्रती पाठवाव्या लागत. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाचा तेथे विचारही शक्य नव्हता.

स्ट्रासबर्ग येथे २००३ मध्ये मूळ धरलेल्या जित्सीने मध्ये सर्व्हर ठेवून ही अडचण सोडवली : दाखवणारा एकच प्रत पाठवतो, वाटप सर्व्हर करतो. खाते न उघडता कोणालाही वर्ग भरवता येणे हे त्याच्या सार्वजनिक संकेतस्थळाचे वैशिष्ट्य होते. गैरवापरामुळे ऑगस्ट २०२३ पासून तेथे खोली उघडणाऱ्याला ओळख देणे सक्तीचे झाले. प्रणाली मुक्त असल्याने संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर ती जुन्या पद्धतीने चालवता येते, परंतु मग सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

बिगब्लूबटनलाही असाच सर्व्हर लागतो. तरी अध्यापनासाठी त्याची एक गोष्ट या तिघांत उठून दिसते. त्यात सादरीकरणाची फाईल आधी चढवली की प्रत्येक पान विद्यार्थ्याकडे एकदाच जाते; पुढे केवळ बाणाच्या व खुणांच्या हालचाली पोहोचतात. तासभर स्थिर पानाची चित्रफीत पाठवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी काटकसरीचा आहे, आणि अक्षरे पुसट होत नाहीत ती वेगळीच. पडदा दाखवायचाच नाही, हा येथे पडदा दाखवण्याच्या प्रश्नाला दिलेला शहाणा तोडगा आहे. आठवड्याचा डेटा मोजून वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे मोल अधिक.

या तिन्ही साधनांना एक मर्यादा समान आहे. २०१९ च्या समान आज्ञेची अंमलबजावणी झाली ती मेजावरील संगणकांच्या ब्राउझरांत. मोबाइलवरील क्रोम व सफारीला ती सोय मिळाली नाही. त्यामुळे २०२० च्या वर्गात फोन घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला ब्राउझरमधून अध्यापकाचा पडदा पाहता येत होता, स्वतःचा दाखवता येत नव्हता. आपली वही दाखवायची तर तो कॅमेरा तिच्यावर धरी, आणि पडदा दाखवायचा तर त्याला ॲपच बसवावे लागे.