नोकराचे वंशज

आपला मूळपुरुष कोणीतरी मोठा असावा, असे कोणाला वाटत नाही? आपल्या सीमाभागात हेळवी दारी येऊन पिढ्यांची नावे घडाघडा सांगू लागतो, आणि त्यांत एखादा देसाई वा सरदार निघाला की घरमालकाचा हात आपोआप सैल होतो. अमेरिकेत वसलेले इंग्रजही या मोहातून सुटले नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या बाबतीत जॉन हाउलंडची हकिगत फार उद्बोधक वाटते.

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून निघाले. हाउलंड त्यांत जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून होता. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला, पण पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागल्याने वाचला. प्लिमथला पोचल्यावर पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसे दगावली. कार्व्हर वसाहतीचे पहिले गव्हर्नर. तेही १६२१ च्या वसंतात वारले. हाउलंड जगला, स्वतंत्र झाला, त्याने लग्न केले आणि त्याला दहा मुले झाली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोघे बुश पितापुत्र हे त्याच्याच वंशातले.

वंशज वाढले तशी दंतकथाही वाढली. हाउलंडची पत्नी एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी, असे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवर स्मारकशिळा उभारली, तिच्यावरही तेच कोरले. दगडावर कोरलेल्या गोष्टीवर शंका कोण घेणार?

पण वसाहतीचे दुसरे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी स्वहस्ते इतिहास लिहून ठेवला होता. ते बाड अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले आणि १८५५ साली लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडले! १८५६ मध्ये ते छापले गेले. ब्रॅडफर्डने शेवटी प्रत्येक कुटुंबाची गणती दिली आहे. तीत स्पष्ट लिहिले होते, की हाउलंडची बायको ही जॉन टिली याची मुलगी. पुढे इंग्लंडातील हेन्लो गावच्या चर्चच्या दप्तरात तिच्या बाप्तिस्म्याची ऑगस्ट १६०७ ची नोंदही मिळाली. म्हणजे प्रवासात ती तेरा वर्षांची होती, आणि त्या पहिल्या हिवाळ्यातच तिचे आईबाप गेले. गव्हर्नरची लेक नव्हे, एक पोरकी पोर! स्मारकावरचा मजकूर बदलावा लागला.

कागद मिळाला तरी तो वाचता यावा लागतो. त्या काळी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. ही रीत १७५२ साली बदलली. म्हणून हाउलंडचा मृत्यू फेब्रुवारी १६७२ असा नोंदलेला असला, तरी आपल्या हिशेबाने ते साल १६७३ होते. शकाचे इसवी सन करताना ७८ मिळवावे की ७९, हा आपला पेच याच जातीचा.

१८९७ साली मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था निघाली. तिचे सभासद व्हायचे तर प्रत्येक पिढीचा दुवा पुराव्याने जोडून दाखवावा लागतो. तेथे आजोबांचे सांगणे पुरत नाही. जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी आणि मृत्युपत्रे लागतात.

मला विचाराल, तर कागदाने या घराण्याची प्रतिष्ठा कमी केली नाही, वाढवली. गव्हर्नरच्या पोटी जन्मणे हा योगायोग. पण एका नोकराने आणि एका अनाथ मुलीने परक्या किनाऱ्यावर दहा मुलांचा संसार उभा करणे हे कर्तृत्व आहे.

आपल्याकडे माळ्यावरच्या पेटाऱ्यांत मोडी कागदांची रुमाले अजून पडून आहेत. वाळवी आणि रद्दीवाला दोघेही टपलेले आहेत. त्या कागदांत सरदार निघेल की सरदाराचा पाणक्या, याची धास्ती न बाळगता मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्यावेत. पूर्वज आपण निवडत नाही. त्यांची खरी ओळख जपणे मात्र आपल्या हाती आहे.