गुंगेरियाचे तांबे आणि डब्लिनचे संग्रहालय

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड आज ओळखले जाते ते हिंदुस्तान कॉपर लिमिटेडच्या 1982 साली सुरू झालेल्या तांब्याच्या प्रकल्पामुळे; परंतु या जिल्ह्याचे तांब्याशी असलेले नाते त्याहून कितीतरी जुने आहे. 1870 साली गुंगेरिया या गावी गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीत पुरलेला जो साठा सापडला, त्यात तांब्याची 424 हत्यारे होती आणि त्यांचे एकत्रित वजन सुमारे 375 किलो भरले. अशा साठ्याला अभ्यासक ताम्रनिधी म्हणतात, आणि उत्तर व मध्य भारतातील ताम्रनिधींचा काळ सामान्यतः इ.स.पूर्व दुसरे सहस्रक असा धरला जातो. गुंगेरियाचे वेगळेपण असे की, चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारख्या लांब पट्ट्यांबरोबर तेथे चांदीच्या 102 वस्तूही निघाल्या. त्या काळाच्या भारतात चांदी दुर्मीळ असताना, कागदासारख्या पातळ पत्र्यातून कापलेल्या गोल चकत्या आणि खाली वळलेल्या शिंगांची बैलमुखे घडविणाऱ्या कारागिराचा हात किती सराईत असेल, हे त्या वस्तूच सांगतात.

हा ठेवा पुढे विभागला गेला. त्यातील काही वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या अजब बंगल्यात आहेत, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होते आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी, त्यामुळे त्या वस्तू नागपुरात येणे स्वाभाविकच होते.

या गोष्टीत डब्लिन येते ते एका भूवैज्ञानिकामुळे. याच काळात भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात काम करणारा व्हॅलेंटाईन बॉल हा मूळचा डब्लिनचा. भारतातील खनिजसंपत्तीवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1881 साली निघाला, आणि 1883 पासून तो डब्लिनच्या विज्ञान व कला संग्रहालयाचा संचालक होता. त्याच संस्थेतून आयर्लंडचे राष्ट्रीय संग्रहालय आकाराला आले. या राष्ट्रीय संग्रहालयाचा शोभाकला व इतिहास विभाग, ज्यात चांदीची भांडी, काच, फर्निचर, वस्त्रे अशा वापरातल्या वस्तूंचे कलारूप पाहायला मिळते, 1997 पासून कॉलिन्स बॅरॅक्स या अठराव्या शतकातील लष्करी वास्तूत आहे. प्राचीन हत्यारे मात्र किल्डेअर रस्त्यावरील पुरातत्त्व विभागातच राहिली. पुरातत्त्व आणि शोभाकला यांची ही विभागणी व्यवस्थापनाला सोयीची असली, तरी गुंगेरियाच्या खड्ड्याला ती लागू पडत नाही, कारण तेथे कुऱ्हाड आणि अलंकरण एकत्रच ठेवलेले होते.

आयर्लंडकडून घेण्यासारखे, संग्रहालयाच्या या मांडणीहून मोलाचे आहे ते तेथील तांब्यावरचे संशोधन. किलार्नीजवळच्या रॉस आयलंड येथील तांब्याची खाण इ.स.पूर्व सुमारे 2400 इतकी जुनी असल्याचे 1990 च्या दशकातील उत्खननाने सिद्ध झाले, आणि खनिजातील आर्सेनिकच्या प्रमाणावरून आयर्लंडच्या आरंभीच्या कुऱ्हाडींचा माग त्या खाणीपर्यंत नेता आला. गुंगेरियाचे तांबे जवळजवळ शुद्ध आहे; ते मलाजखंडचेच असे केवळ दोन्ही ठिकाणे एका जिल्ह्यात आहेत म्हणून म्हणता येणार नाही, त्यासाठी धातूचीच साक्ष हवी. नागपूर व लंडन येथील वस्तूंची मलाजखंडच्या खनिजाशी पद्धतशीर तुलना व्हावी, आणि तिचा निष्कर्ष काहीही निघो, तो कुऱ्हाडींच्या व बैलमुखांच्या प्रतिकृतींसह मलाजखंडातच कायमस्वरूपी मांडला जावा, ही मागणी मध्य प्रदेश शासन व हिंदुस्तान कॉपर या दोघांनीही मनावर घ्यावी.