क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षक : कार्य आणि जबाबदाऱ्या

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नरची लोकसंख्या सुमारे ४ लाख, तर आंबेगावची सुमारे २ लाख ३६ हजार होती. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर यांसारखी बाजारपेठेची गावे आणि बागायती शेती आहे. पश्चिमेकडे नाणेघाट, डिंभे धरणाचा परिसर, आहुपे व भीमाशंकरचा डोंगराळ भाग असून तेथे महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्या आहेत. अशा वस्तीतील एखादा मनुष्य खोकल्याने बेजार होऊन, दिवसाची मजुरी बुडवून, थुंकी तपासणीसाठी डोंगर उतरून येतो. त्याच्या हाती पडणारा कागद खरा असेल, याची हमी कोण देते? ती हमी देणाऱ्या, परंतु रुग्णांना क्वचितच दिसणाऱ्या एका आरोग्यसेवकाची, म्हणजे वरिष्ठ क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षकाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पदाची पार्श्वभूमी

भारतात १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व मार्च २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. २०२० मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम असे झाले. या कार्यक्रमाच्या मूळ निकषानुसार साधारण एक लाख लोकसंख्येमागे, आणि आदिवासी व डोंगराळ भागात ५० हजारांमागे, थुंकी तपासणीचे एक मान्यताप्राप्त सूक्ष्मदर्शी केंद्र असावे, असे ठरले. ही केंद्रे प्रामुख्याने ग्रामीण रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत असतात. तेथे प्रत्यक्ष तपासणी प्रयोगशाळा तंत्रज्ञ करतो, आणि अशा अनेक केंद्रांच्या कामावर देखरेख ठेवणे हे पर्यवेक्षकाचे काम होय.

या पदासाठी पदवी, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका आणि संगणकाचे ज्ञान यांबरोबरच दुचाकी चालविण्याचा कायम परवानाही मागितला जातो. यावरून हे काम टेबलाशी बसून करण्याचे नाही, हे स्पष्ट होते.

मासिक भेट

प्रत्येक केंद्राला महिन्यातून किमान एकदा भेट देणे, हे पर्यवेक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. या भेटीत तो ठरावीक तपासणी-सूचीनुसार पाहणी करतो. सूक्ष्मदर्शकाची भिंगे स्वच्छ आहेत काय, रंगद्रव्यांच्या बाटल्यांवर तयार केल्याची तारीख आहे काय, थुंकीच्या डब्या व काचपट्ट्या पुरेशा आहेत काय, प्रयोगशाळा नोंदवही पूर्ण भरलेली आहे काय, हे सारे तो पाहतो. वापरलेल्या डब्या व काचपट्ट्या जंतुनाशकात बुडवून सुरक्षितपणे नष्ट केल्या जातात की नाही, हेही तपासतो; कारण निष्काळजीपणाचा पहिला फटका तंत्रज्ञालाच बसू शकतो.

थुंकीचा लेप कार्बोल फुक्सिनने रंगवून आम्लाने धुतला असता इतर सर्व भाग रंग सोडतो; क्षयाचे जंतू मात्र लालच राहतात. मिथिलीन ब्लूच्या निळ्या पार्श्वभूमीवर ते ओळखता येतात. शंभर दृश्यक्षेत्रांत १ ते ९ जंतू दिसल्यास 'अत्यल्प', १० ते ९९ दिसल्यास '१+', प्रत्येक क्षेत्रात १ ते १० दिसल्यास '२+' आणि त्याहून अधिक दिसल्यास '३+' अशी प्रतवारी केली जाते. भेटीच्या वेळी पर्यवेक्षक काही पॉझिटिव्ह व काही निगेटिव्ह काचपट्ट्या स्वतः पुन्हा पाहतो आणि दोष आढळल्यास तेथेच तंत्रज्ञाला मार्गदर्शन करतो.

नाव झाकून फेरतपासणी

मूळ निकाल माहीत असला की पाहणाऱ्याची नजर नकळत त्याच दिशेने झुकते. म्हणून कार्यक्रमात आणखी एक व्यवस्था आहे. केंद्रातील काचपट्ट्या क्रमाने जपून ठेवलेल्या असतात. त्यांतून काही काचपट्ट्या दर महिन्याला विशिष्ट पद्धतीने, निवड न करता उचलल्या जातात. जिल्हा पातळीवर त्यांचे मूळ निकाल झाकून त्या दुसऱ्या विभागाच्या पर्यवेक्षकाकडे वाचनासाठी दिल्या जातात. दोन वाचनांत तफावत आल्यास तिसरा वाचक निर्णय देतो. स्वतःच्या क्षेत्राचा न्याय स्वतः करावयाचा नाही, हे या पद्धतीचे तत्त्व आहे.

चूक सापडल्यावर तंत्रज्ञाला दोष देऊन भागत नाही. रंगद्रव्य जुने झाले होते काय, भिंग खराब होते काय, नमुना म्हणजे केवळ लाळ होती काय, की एका दिवशी तपासण्या फार झाल्या होत्या, याचे मूळ शोधणे हे पर्यवेक्षकाचे काम आहे. जिल्ह्याच्या वर राज्य पातळीवरील संदर्भ प्रयोगशाळा आणि त्यांच्या वर बंगळूर, चेन्नई आदी ठिकाणच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा अशी ही साखळी आहे.

एका चुकीची किंमत

ही एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. जंतू असूनही निकाल निगेटिव्ह दिला गेला, तर रुग्ण निश्चिंत होऊन घरी परततो. त्याच एका खोलीत निजणाऱ्या मुलाबाळांना, वृद्ध आईवडिलांना त्याच्या खोकल्यातून लागण होत राहते. उलट जंतू नसताना पॉझिटिव्ह निकाल दिला गेला, तर निरोगी माणसाला किमान सहा महिने औषधे घ्यावी लागतात आणि समाजाची वक्र दृष्टीही सोसावी लागते. दोन्ही चुका कागदावर एका अक्षराच्या आहेत. परंतु त्यांचा भार एका कुटुंबाला वाहावा लागतो.

आणखी एक धोका असतो. निकाल पॉझिटिव्ह येतो, पण रुग्ण तो घेण्यास परत येतच नाही. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे सहज घडू शकते. म्हणून अशा रुग्णांची नावे उपचार पर्यवेक्षकाला तत्परतेने कळविणे व २०१२ पासून सुरू झालेल्या 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत नोंद होते की नाही हे पाहणे, हीदेखील महत्त्वाची जबाबदारी आहे.

नवी यंत्रे, जुनी जबाबदारी

आता सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट ही यंत्रे आली आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. ही यंत्रे त्याहून कितीतरी कमी जंतू ओळखतात आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, हेही सांगतात. परंतु मृत जंतूंचे अंशही त्यांना सापडत असल्यामुळे उपचाराची प्रगती पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. तेथे सूक्ष्मदर्शकच लागतो. शिवाय नमुना योग्य वेष्टनात व वेळेत पोहोचविणे, यंत्राची देखभाल करवून घेणे ही कामे वाढली आहेत. यंत्र आले म्हणून पर्यवेक्षकाची गरज संपलेली नाही.

आपला वाटा

पर्यवेक्षकाने कितीही दक्षता घेतली, तरी नमुनाच चांगला नसेल तर निकाल खरा येणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे असल्यास सरकारी केंद्रात विनामूल्य तपासणी करून घ्यावी. चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून आलेला बेडका मोकळ्या हवेत डबीत द्यावा. लाळ देऊ नये. सकाळी उठल्याबरोबरचा नमुना उत्तम असतो. निकाल निगेटिव्ह आला आणि त्रास कायम राहिला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. उपचार घेणाऱ्या रुग्णास पोषण आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली, हेही गरजूंना सांगावे.

आपल्या धर्मग्रामात, शेजारी वा शेतावर कामास येणाऱ्या बंधुभगिनींपैकी कोणी खोकत असेल, तर त्याला तपासणी केंद्रापर्यंत सोबत करावी आणि निकाल आणण्याची आठवणही द्यावी, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे. त्यापुढे त्याची काचपट्टी नीट पाहिली जावी, यासाठी कोणीतरी दर महिन्याला डोंगरवाट तुडवीत असतो.