विश्वस्त, अभिकर्ता आणि दिलेला शब्द : मायकेल जेन्सेन यांचा कंपनी-कारभारविषयक विचार

संयुक्त भांडवलाच्या कंपनीत मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, हा पेच जुना आहे. परक्याच्या पैशाची काळजी संचालक स्वतःच्या पैशाइतक्या दक्षतेने घेतील अशी अपेक्षा करता येत नाही, असे अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ सालीच नमूद केले होते. पुढे १९३२ साली अ‍ॅडॉल्फ बर्ल व गार्डिनर मीन्स यांनी अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची पाहणी करून, भागधारक विखुरल्यामुळे मालकी आणि नियंत्रण यांची फारकत झाल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास बर्ल आणि हार्वर्डचे मेरिक डॉड यांच्यात एक वाद झाला. व्यवस्थापक हे केवळ भागधारकांचे विश्वस्त की समाजाचेही, एवढाच त्या वादाचा विषय होता. ते विश्वस्त आहेत, याविषयी उभयतांचे दुमत नव्हते.

हा शब्द पुढील पिढीत मागे पडला. त्याची जागा ‘अभिकर्ता’ या शब्दाने घेतली, आणि या स्थित्यंतराचे श्रेय प्रामुख्याने वित्तशास्त्राचे प्राध्यापक मायकेल जेन्सेन (१९३९–२०२४) यांच्याकडे जाते. शिकागो विद्यापीठात संशोधन करीत असता त्यांनी ११५ म्युच्युअल फंडांच्या १९४५ ते १९६४ या काळातील कामगिरीची छाननी केली. इतरांचा पैसा गुंतविण्याबद्दल मोबदला घेणारे हे व्यवस्थापक, सरासरीने पाहता, बाजारापेक्षा सरस फळ देत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. परक्याचा पैसा सांभाळणारा मनुष्य प्रत्यक्षात काय करतो, हा त्यांच्या पुढील संशोधनाचा प्रश्न येथेच बीजरूपाने दिसतो.

रॉचेस्टर विद्यापीठात विल्यम मेकलिंग यांच्यासह त्यांनी १९७६ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाच्या प्रारंभी स्मिथ यांचेच वचन दिलेले आहे. कंपनी ही व्यक्ती नव्हे, अनेक करारांची ती गाठ होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भागधारक हा मालक आणि व्यवस्थापक हा त्याचा अभिकर्ता. दोघेही स्वहित पाहणारे. मालकाला देखरेखीचा खर्च पडतो, अभिकर्त्याला आपल्या विश्वसनीयतेची हमी देण्याचा खर्च पडतो, आणि एवढे करूनही काही हानी उरतेच. या तिहींची बेरीज म्हणजे अभिकरणाचा खर्च. हा बदल केवळ परिभाषेचा नव्हता. विश्वस्ताच्या कल्पनेत कर्तव्य गृहीत असते. अभिकर्त्याच्या कल्पनेत शर्ती असतात. कर्तव्यच्युतीवर उपाय न्यायालयात शोधावा लागतो. शर्ती सदोष असतील, तर त्या नव्याने आखाव्या लागतात. रोग सांगणाऱ्या शब्दानेच औषधही ठरविले.

१९८५ साली जेन्सेन हार्वर्डच्या व्यवसाय-प्रशासन विद्यालयात आले. तेथे संघटनांतील समन्वय व नियंत्रण यांवरील त्यांच्या अभ्यासक्रमाला विद्यार्थ्यांची मोठी गर्दी होऊ लागली, आणि भावी व्यवस्थापक स्वतःकडे अभिकर्ता म्हणून पाहण्यास शिकले. १९९० साली केविन मर्फी यांच्यासह त्यांनी दाखविले की, भागधारकांच्या संपत्तीत १००० डॉलरचा फरक पडला, तर मुख्याधिकाऱ्याच्या संपत्तीत अवघा ३.२५ डॉलरचा फरक पडतो. मोबदला किती यापेक्षा तो कशाशी जोडलेला आहे हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील मुख्याधिकाऱ्यांच्या मोबदल्यात भाग विकत घेण्याच्या हक्कांचा वाटा झपाट्याने वाढला. १९९३ च्या करविषयक तरतुदीनेही त्यास हातभार लावला.

मोबदला कशाशी जोडावा, हा प्रश्न मुंबईच्या कापड-गिरण्यांना पूर्वीच पडला होता. तेथे कारभार पाहणाऱ्यास ‘एजंट’ हेच नाव होते. प्रारंभीच्या काळात अनेक एजंट उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा दलाली घेत; गिरणीला नफा होवो वा तोटा. साहजिकच माल खपो न खपो, उत्पादन वाढविण्यात त्यांचे हित होते. १९३६ च्या कायद्याने मोबदल्याची सांगड निव्वळ नफ्याशी घातली, आणि ३ एप्रिल १९७० पासून ती पद्धतीच रद्द झाली. मोबदला ज्या मापाला जोडावा, त्या मापाचीच सेवा अभिकर्ता करतो, असा या इतिहासाचा बोध आहे.

अमेरिकेत हे माप भागाचा बाजारभाव हे होते. २००१ साली एन्रॉन कंपनी कोसळली, तेव्हा भाव टिकविण्यासाठी हिशेबच कसे वाकविले गेले ते उघड झाले. जेन्सेन यांनी या घटनेकडे पाठ फिरविली नाही. कामगिरीने समर्थन करता येणार नाही इतका भाव चढला की, तो टिकविण्याच्या नादात व्यवस्थापक कंपनीचेच मूल्य नष्ट करतात, आणि भागांशी निगडित मोबदला अशा वेळी अनर्थ वाढवितो, असे त्यांनी २००५ साली लिहिले. चढ्या भावाची तुलना त्यांनी हेरॉइनशी केली.

उत्तरायुष्यात ते ‘सचोटी’च्या विवेचनाकडे वळले. सचोटी म्हणजे दिलेला शब्द पाळणे, आणि तो पाळता येणार नाही असे दिसताच संबंधितांस तसे तत्काळ कळवून परिणामांची जबाबदारी घेणे, अशी व्याख्या त्यांनी व वेर्नर एर्हार्ड यांनी मांडली. हा नीत्युपदेश नव्हे, हा उत्पादनाचाच एक घटक होय, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य केला, तरी एक गोष्ट राहते. करारांची गाठ बांधण्यापूर्वी शब्द पाळणारी माणसे असावी लागतात; त्यांचा हा गुण करारातून उत्पन्न होत नाही. १९७६ च्या निबंधात ज्या विश्वासाला स्थान उरले नव्हते, त्याच्यापाशीच हा विचार अखेरीस परत आला. यास्तव कंपनी-कारभाराच्या अभ्यासकाने जेन्सेन यांचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध ही दोन्ही एकत्र वाचणे अगत्याचे आहे.