मेहली मेहता यांची वाद्यसाधना

हिंदुस्थानी संगीताच्या उपासकास गुरु व मैफल हीं दोन्हीं स्वदेशांतच लाभत आलीं. कल्याणासारख्या गांवींही गायन समाज उभा राहिला. पाश्चात्य अभिजात संगीताची गोष्ट निराळी. लिहिलेले स्वर वाचून एकदिलानें वाजविणारे अनेक वादक जमल्यावांचून सिंफनी सिद्ध होत नाहीं.

मुंबईंत ही उणीव भरून काढण्याचें कार्य पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनीं पत्करलें. १९३५ सालीं त्यांनीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. गोमंतकीय वादकांचा त्यास मोठा आधार होता.

मुंबईंत नांवलौकिक मिळाला, तरी आपलें शिक्षण अपुरें आहे असें या वादकानें मानलें. वयाची छत्तिशी उलटल्यावर, १९४५ सालीं, पत्नी व दोन लहान मुलें मागें ठेवून ते न्यूयॉर्कला आयव्हन गॅलॅमियन यांच्यापाशीं शिकावयास गेले. ज्या वयांत इतर गुरुपद मिरवितात, त्या वयांत त्यांनीं शिष्यत्व स्वीकारलें. पुढें मँचेस्टरचा हॅले वाद्यवृंद आणि फिलाडेल्फियाची कर्टिस चौकडी यांत त्यांना स्थान मिळालें. १९६४ सालीं त्यांनीं लॉस एंजेलिस येथें तरुण वादकांसाठीं अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली व १९९८ पर्यंत तिची धुरा वाहिली.

त्यांचे पुत्र झुबिन १९६२ सालींच त्या नगरीच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख झाले होते. जगानें पित्यास बहुधा पुत्रावरूनच ओळखलें. परंतु पुत्राच्या बालपणीं घरांत जें संगीत घुमत होतें, तें पित्याच्या परिश्रमाचें फळ होतें.