दार कुणी उघडलं?

सैन्यातून निवृत्त होऊन मी रायपूरला राहतो. ‘विविधता आणि समावेशन’ हा विषय आता विद्यापीठांत शिकवतात, पण पाठाची सुरुवात बहुधा व्याख्यांनी होते. माझं म्हणणं असं की, ती आपल्या मुलखाच्या इतिहासानं व्हावी.

इथून बिलासपूरला गेलात, तर दोन विद्यापीठांच्या पाट्या वाचा. एक १९८३ साली स्थापन झालेलं गुरू घासीदास विद्यापीठ, दुसरं पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ. घासीदासांचा जन्म १७५६ साली गिरौदपुरीला झाला. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवलं होतं, त्यांच्यातूनच त्यांनी सतनाम पंथ उभा केला. शर्मा राजिमजवळचे ब्राह्मण. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी ते झटले. दोघंही वर्गात हवेत. मात्र पहिली गोष्ट आपला मान स्वतः उभा करणाऱ्यांची आहे, दुसरी साथ देणाऱ्याची. फक्त दुसरीच शिकवली, तर बाकावर बसलेल्या सतनामी मुलीला वाटेल, आपल्या पूर्वजांना सगळं दानात मिळालं.

आता सैन्यातलं उदाहरण घ्या. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई पुष्कळ होते. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत. तरीही १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ साली ती मोडली. पुढे डॉ. आंबेडकरांनी मागणी लावून धरली. १९४१ साली, पुन्हा युद्ध चालू असताना, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात अनेक प्रांतांचे आणि जातींचे जवान आहेत.

प्राध्यापकांनी एवढ्या सनावळ्या एका कागदावर द्याव्यात आणि तीन प्रश्न विचारावेत. दार कुणी बंद केलं? उघडा, असं कुणी बजावलं? उघडलं, तेव्हा गरज कुणाची होती? मग प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावची विहीर, देऊळ किंवा शाळा घेऊन तसाच कागद तयार करावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, जुने दाखले पाहावेत.

एकदा उघडलेलं दार पुन्हा बंद होऊ शकतं, हे १९२१ सालानं दाखवलं आहे. म्हणून हा विषय नुसता परीक्षेपुरता नको.