दक्षिण आफ्रिकेवरील व्यापारबंदी आणि मध्यप्रांताचे दोन मंत्री

वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासांत जुलै १९३८ ची काँग्रेस कार्यकारी समितीची बैठक प्रसिद्धच आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनीं राजीनामा देऊन तत्काळ दुसरें मंत्रिमंडळ बनविलें, आणि समितीनें वर्ध्यास त्यांस काँग्रेसमधील जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरविलें. त्यांच्यासमवेत राजीनामा देणाऱ्यांत वऱ्हाडचे बॅरिस्टर रामराव माधवराव देशमुख हेहि होते. आमच्याकडे ही हकीकत सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. पुढें आठ वर्षांनीं याच दोघांचा ज्या कार्यांत हात होता, तें येथें नमूद करावयाचें आहे.

१९४३ त डॉ. खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले व परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें त्यांच्याकडे आलें. दक्षिण आफ्रिकेंत त्याच वर्षीं हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. त्यास उत्तर म्हणून १९४३ चा परस्परव्यवहाराचा कायदा नोव्हेंबर १९४४ त तेथील गोऱ्यांस लागू करण्यांत आला. पुढें १९४५ त रामराव देशमुख हायकमिशनर म्हणून तिकडे गेले. मार्च १९४६ त हिंदुस्थान सरकारनें व्यापारी करार रद्द करण्याची सूचना दिली. मे महिन्यांत देशमुखांस परत बोलाविलें. जूनमध्यें तेथील नवा जमीनधारणेचा कायदा झाला आणि डरबन येथें हिंदी लोकांनीं सत्याग्रह आरंभिला. १७ जुलै १९४६ रोजीं व्यापारबंदीचें जाहीरपत्रक निघालें. तत्पूर्वींच, जुलैच्या आरंभीं, जुनें कार्यकारी मंडळ जाऊन काळजीवाहू मंडळ आलें होतें. म्हणून तें निघालें तेव्हां डॉ. खरे अधिकारावर नव्हते.

या बंदीसाठीं नवा कायदा करावा लागला नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. १८७८ च्या समुद्री जकातीच्या कायद्याचें एकोणिसावें कलम सरकारास जाहीरपत्रकानें माल आणण्या-नेण्यास मनाई करण्याचा अधिकार देत होतें. मनाई मोडणाऱ्याचा माल जप्त होई, शिवाय मालाच्या किंमतीच्या तिपटीपर्यंत किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शके. व्यापाऱ्यास आंतरराष्ट्रीय न्यायाचा ऊहापोह करण्याचें कारण नव्हतें. गॅझेट वाचावें व जकात-अधिकाऱ्यास हिशेब द्यावा, इतकेंच. (कौटिल्यानेंहि शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत शस्त्रें, लोह, धान्य इत्यादि माल देशाबाहेर नेण्यास मनाई सांगितली आहे, तेव्हां हें काम जकात-नाक्याकडे असणें आपल्यास नवें नव्हे.) निर्गत मालांत गोणपाट मुख्य असल्यामुळें बंदीचा भार मुख्यतः बंगालवर पडला. हिंदुस्थानच्या एकूण निर्गतीपैकीं सुमारें साडेपांच टक्के माल त्या देशास जात असे. परतंत्र देशाच्या सरकारनें एवढी झीज सोसावी, हें सामान्य नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें सर्व सभासदांस अशीच बंदी घालण्याची शिफारस केली ती ६ नोव्हेंबर १९६२ रोजीं, म्हणजे सोळा वर्षांनंतर. शिफारस व आज्ञा यांत भेद आहे. सुरक्षासमितीची आज्ञा येथील प्रजेवर आपोआप बंधनकारक होत नाहीं. ती अंमलांत आणण्यासाठीं १९४७ चा त्रेचाळिसावा कायदा केला गेला, व त्यान्वयें मध्यवर्ती सरकार हुकूम काढूं शकतें. जकातीचा जुना कायदा जाऊन १९६२ चा नवा आला. त्यांत मनाईचा अधिकार अकराव्या कलमांत आहे.

डॉ. खरे यांचें पुढील राजकारण आम्हांस मान्य नाहीं, आणि १९३८ चें त्यांचें वर्तनहि समर्थनीय होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या दक्षिण आफ्रिकेंतील लढ्यानें सेवाग्रामचे महात्मा घडले, त्याच लढ्याच्या उत्तरपर्वांत वर्ध्यास दोषी ठरलेल्या गृहस्थानें व त्याच्या सहकाऱ्यानें आपला वाटा उचलला, हें पुराव्याचें सत्य आहे. डॉ. खरे १९७० त वारले. बंदी १९९३ पर्यंत चालली.